पुढचं रान

मेंढ्यांना चारा आहे, पाणी आहे, रानमालक खुश आहे, अशा ऐन सुखाच्या वेळी आमचे वडील गायब व्हायचे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. घोंगडी खांद्यावर टाकायची, काठी घ्यायची आणि पुढच्या गावाला चालू लागायचं. तिथं एखाद्या शेतकऱ्याच्या बांधावर टेकायचं, त्याच्या बैलांची, लेकराबाळांची विचारपूस करायची, चहा प्यायचा आणि उठता उठता विचारायचं, "मंग, औंदा मेंढ्या बसवायच्या का?" मेंढ्या रात्री रानात बसल्या की रानाला लेंडीखत मिळतं आणि बदल्यात शेतकरी धान्य देतो. आमचं घर त्यावर चालायचं. पिंपळगाव रेणुकाईहून निघून पार गोदाकाठापर्यंत दादा असं रानामागून रान बोलत जायचे.

आई वैतागायची. "इथं काय कमी हाय का? बसा की जरा निवांत!"

"चारा संपल्यावर गेलं की ते तोंडावर दिसतं," दादा म्हणायचे. "मंग समोरचा देईल ते मान खाली घालून घ्यावं लागतं."

आता बघा, असा हा माणूस, आणि माझ्यासाठी मात्र त्याला हवी होती परमनंट नोकरी! परमनंट म्हणताना त्यांचा आवाज देवळात शिरल्यासारखा हळू व्हायचा. मी बीएस्सी झालो आणि जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत लागलो. बी किती उगवतं ते तपासायची लॅब होती. ऑर्डर अकरा महिन्यांची. ती संपली की थोडे दिवस घरी बसायचं, मग फोन यायचा आणि नवी ऑर्डर मिळायची. मी दादांना हे सगळं उलगडून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सरळ जाऊन पेढे आणले.

"अहो दादा, ही परमनंट न्हाई!"

"कागदावर शिक्का हाय ना? मंग झालं. बिलकुल परमनंट."

अख्ख्या गल्लीला पेढे वाटले. वाटलेले पेढे परत कसे मागणार? पुढं दर वेळी फोन येत गेला आणि खरं सांगतो, हळूहळू मलाही ती नोकरी पक्की वाटायला लागली.

मग माझ्या लग्नाची सुपारी फुटली. मुलगी कुंभार पिंपळगावकडची. तिचे वडीलही आमच्यातलेच, पण मेंढ्या सोडून शेतीला लागलेले. दादांच्या मेंढ्या त्यांच्या रानात कैक वर्षं बसल्या होत्या. बैठकीत दादांनी छाती काढून सांगितलं, "पोरगं परमनंट हाय." लग्न उन्हाळ्यात धरलं. आणि त्याच वेळी माझी ऑर्डर संपली. मी घरी आलो, फोनची वाट बघत बसलो, आणि या खेपेला फोन आलाच नाही. लॅब बंद केली, असं एका सोबत्याकडून कळलं.

मामा म्हणाला, "लग्न होईस्तोवर गप बसा. अक्षता पडल्या की बघू." मला ते पटलं, कारण ती मुलगी मला मनापासून आवडली होती आणि ती हातची जाईल या धास्तीनं जेवण जात नव्हतं. पण दुसऱ्या सकाळी फेटा बांधून दादा म्हणाले, "चल, सांगून येऊ."

मुलीकडच्या ओसरीवर बसल्या बसल्या दादांनी तोंड उघडलं. "पाव्हणं, पोराची नोकरी गेली. ती परमनंट नव्हतीच. पोरानं सांगितल्तं, मीच ऐकलं न्हाई." जन्मात पहिल्यांदा मी दादांना मान खाली घालून बोलताना बघितलं. मला ते बघवेना.

मुलगी चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. तिनं मलाच विचारलं, "दुसरीकडं कुठं बोलून ठेवलंय का?"

"फोन येईल असं वाटतं," मी पुटपुटलो.

"तुमचे दादा आमच्या रानात मेंढ्या असतानाच पुढच्या गावात बोलून यायचे. आणि तुम्ही फोनची वाट बघून राह्यलात?"

दादांना हसू फुटलं, आणि मी लाजेनं अर्धा झालो. तिचे वडील म्हणाले, "सुपारी मोडत न्हाई. पण पोरीचं मन बघावं लागंल." तिनं सांगितलं, "आधी चार ठिकाणी बोलून या. मंग मी सांगते."

परत जालन्याला निघालो तर दादा बरोबर! घोंगडीसकट. बियाण्याच्या कंपन्या, कापसाच्या जिनिंग, मोसंबीवाले, एकही फाटक त्यांनी सोडलं नाही. मी बायोडाटा पुढं करायचा तर हे वॉचमनजवळ बसकण मारायचे. गाव कोणतं, पोरं काय करतात, पाऊस बराबर झाला का! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण उठताना तो वॉचमन हटकून सांगायचा, "इथं जागा न्हाई, पण तिकडं जाऊन बघा, तिथं माणूस पायजे." असंच फिरत फिरत मला सोयाबीनचं बी तपासायचं काम मिळालं.

मी तिला फोन केला. म्हणालो, "मिळालं, पण हंगामापुरतंच हाय."

"आणि त्याच्या पुढचं?"

"दोन ठिकाणी बोलून ठेवलंय."

ती हसली. "मंग तारीख काढायला सांगा."

लग्नात कुणीतरी दादांना विचारलंच, नवरदेव परमनंट का? दादा ठसक्यात म्हणाले, "न्हाई. पण चालतं-फिरतं हाय!"

त्यानंतर मी किती नोकऱ्या बदलल्या, विचारू नका. काही मी सोडल्या, काहींनी मला सोडलं. पण हातात काम असताना, सगळं नीट चाललेलं असताना, मी एखाद्या दिवशी सुट्टी टाकतो आणि दुसऱ्या कुठल्या तरी फाटकावर जातो. बायकोच आठवण करून देते. दादा आता नाहीत. मेंढ्याही नाहीत.

परवा असाच एका फाटकावर उभा होतो. वॉचमननं मला खालून वर बघितलं. "साहेब, नोकरी चांगली दिसती तुमची. मंग कशाला फिरून राह्यलात उन्हात?"

सवयीनं मी शेजारी बघितलं. असल्यांना उत्तर द्यायचं काम दादांचं असायचं. शेजारी कुणी नव्हतं. मग मी खाली त्याच्याजवळ बसलो आणि विचारलं, "गाव कोणतं तुमचं?"