चंपतकाकांचं पोट आणि दुर्गेशचा माईक

दुर्गेशच्या हातात माईक आला की त्याच्या तोंडाचा आणि डोक्याचा संबंध सुटतो, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. पण तो किती सुटतो हे मागच्या वर्षी मारबतीच्या दिवशी कळलं.

पोळ्याचा दुसरा दिवस. इतवारीत मुंगीला वाट नाही. पुढे सगळी इडापिडा घेऊन जाणारी मारबत नावाची मोठी बाईची मूर्ती, मागे शेवटी जाळायचे कागद-बांबूचे उंचच उंच पुतळे, म्हणजे बडगे, डुलत चाललेले आणि वर्षभर ज्याने ज्याने छळलं, त्याच्या नावाने लोक बेंबीच्या देठापासून ओरडताहेत. कोणी म्हणे, "खड्डे!" की सगळी गर्दी, "घेऊन जा गे मारबत!" कोणी म्हणे, "पेपरफुटी!" "घेऊन जा गे मारबत!" दुर्गेश स्वतःच्याच साऊंड सिस्टिमच्या टेम्पोवर उभा. भाड्याने देतो तो, त्यामुळे भोंगे दोन जास्तच लावलेले. अंगात वारं शिरलेलं. आणि अशात त्याला चंपतकाकांच्या बायकोने, शोभाताईंनी, परवा हळूच सांगितलेली गोष्ट आठवली. प्रेमच आलं हो त्याला, दुसरं काही नाही!

"आपल्या चंपतकाकाच्या पोटाची बिमारी!" दुर्गेश गरजला. "त्याची सकायची चार-चार वेळची धावपळ!"

"घेऊन जा गे मारबत!" दोन हजार माणसं.

टेम्पो नेमका चंपतकाकांच्या घराखाली होता. काका गॅलरीत उभे राहून आपण रंगवलेला बडग्या बघत होते. ते आत गेले आणि दार लावलं. त्या गलक्यातही कडीचा आवाज आपल्याला ऐकू आला, असं दुर्गेश अजून शपथेवर सांगतो.

चंपतकाका म्हणजे पाट्या रंगवणारे पेंटर. अर्ध्या इतवारीच्या दुकानांची नावं त्यांच्या कुंचल्याची होती. फ्लेक्स आले, पाट्या गेल्या, काका देवळाच्या भिंती आणि गाड्यांचे नंबर रंगवू लागले. पण गल्लीचा बडग्या त्यांचाच. बावीस वर्षं. नाक असं काढतील की ज्याच्यावर बडग्या आहे त्याच्या बायकोने लांबूनच ओळखावं. मात्र आपल्या बडग्याच्या मागून चालत जाऊन त्याला जळताना बघणं, हे त्यांनी अकरा वर्षांत केलं नव्हतं. विचारलं की म्हणायचे, "गुडघा दुखते गा."

गुडघा ठणठणीत होता. भानगड पोटात होती. कधी कळ, कधी फुगारा, आज चार वेळा, परवा एकदाही नाही. लग्नाला गेले तर पंगत उठल्यावर पोचायचे. सीताबर्डीला जायचं तर आदल्या रात्रीपासून उपाशी. झणझणीत तर्री-पोह्याच्या ठेल्यावरून मान खाली घालून निघून जायचे. लोक म्हणायचे, म्हातारा आखडू आहे. दुर्बीण घालून झाली होती, रक्त तपासून झालं होतं, सगळं नॉर्मल. 'नॉर्मल' ऐकून माणसाला आनंद व्हावा, पण काकांना वाटायचं, डॉक्टर आपल्याला सभ्य भाषेत खोटारडा म्हणताहेत.

आणि आता हे सगळं भोंग्यावर!

दुसऱ्या दिवसापासून उपाय येऊ लागले. शेजारच्या गोपाळरावांनी हिंग आणला. कोणी बेलाचा मुरब्बा, कोणी जवसाचं चूर्ण, कोणी पोटावर बांधायचा तांब्याचा पैसा. एकाने कोमट पाण्यात तूप घ्यायला सांगितलं, दुसऱ्याने तूप अजिबात बंद करायला. दोघेही एकाच वेळी एकाच सोफ्यावर. काका सगळ्यांना हात जोडायचे. दुर्गेशशी मात्र पंधरा दिवस बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी तो स्कूटर घेऊन दारात उभा राहिला.

"काका, धंतोलीत एक डॉक्टरीणबाई आहे, मयुरा मॅडम. पोटाचंच पाहते. चाला."

"तू बाहेर बसशील?"

"बसतो."

"तोंड बंद?"

"बंद."

बाहेर तो बसला नाहीच. काकांच्या पाठोपाठ आत शिरला.

डॉक्टर मयुरांनी अर्धा तास नुसतं विचारलं. वजन आपोआप उतरलं का? रक्त जातं का? ताप? झोपेतून उठवतं का? नाही, नाही, नाही, नाही. जुने रिपोर्ट पाहिले, पोट दाबून पाहिलं. मग म्हणाल्या, "काका, हे खोटं नाही. याला नाव आहे. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. आतड्याला जखम नाही, गाठ नाही, पण आतडं आणि मेंदू यांचं एकमेकांशी बोलणं बिघडलं आहे. दुसऱ्याच्या पोटात जेवढा वायू फिरला तर त्याला पत्ताही लागत नाही, तेवढ्याने तुम्हाला कळ येते. आणि कळ येईल या धास्तीनेच ती अजून वाढते."

दुर्गेश ताडकन खुर्चीवरून उठला. "शिट्टी!"

"काय?" डॉक्टर दचकल्या.

"मॅडम, माईक चांगला, स्पीकर चांगला, वायर चांगली, तरी सिस्टिम कूंऽऽ करून शिट्टी मारते! कस्टमर म्हणते, माल खराब आहे. मी म्हणतो, माल एक नंबर आहे बे, गेन जास्त आहे, माईक गरजेपेक्षा जास्त ऐकते! आवाज माईकमधून स्पीकरात, स्पीकरातून परत माईकात!"

डॉक्टर हसल्या. "मी आता सगळ्या पेशंटना हेच सांगणार."

"मंग गेन कमी करता येते?" काकांनी विचारलं.

"येतो. पूर्ण जाईल असं वचन देत नाही. पण बटण तुमच्या हातात येईल."

परतताना स्कूटरवर दुर्गेश आनंदाने इतका ओरडत होता की सिग्नलला ट्रॅफिक पोलिसाने दोघांकडे निरखून पाहिलं.

मग डॉक्टरांनी लिहायला सांगितलेल्या वहीचं वर्ष सुरू झालं. पाट्या रंगवणारा हात, त्यामुळे वहीसुद्धा देखणी. काय खाल्लं ते निळ्या शाईत, पोटाने काय म्हटलं ते लाल. दोन महिन्यांत भलतंच उघडकीला आलं. काका अकरा वर्षं तर्रीवर रागावून होते. खरे गुन्हेगार निघाले उपाशीपोटी दुधाचे तीन चहा आणि पोह्यांवरचा मूठभर कच्चा कांदा. तर्रीचा हात थोडा होताच, पण दोन चमचे माफ होते. सगळ्यात मोठा चोर म्हणजे तो बाहेर जायच्या आधीचा कडकडीत उपास. जेवण वेळेवर, डॉक्टरांनी सांगितलेलं इसबगोल, कळेची गोळी खिशात आणि रोज सकाळी गांधीबागेत चालणं. आधी एक फेरी, मग तीन, मग सात. अधूनमधून लाल शाईचं पान यायचंच. पूर्वी अशा पानावर काका आठवडाभर घरात बसले असते. आता पान उलटायचे.

श्रावणात त्यांनी दुर्गेशला बोलावलं.

"यंदा मी चालनार आहे. जाळेपर्यंत."

दुर्गेशने तोंड उघडलं.

"माईक नाही," काका म्हणाले. "टेम्पो नाही. तू पायी चालशील, माया बाजूनं. अन् कोनाले एक शब्द सांगायचा नाही."

पण दुर्गेशला कोणाला सांगायची गरजच उरली नव्हती. त्या बोंबेनंतर वर्षभर लोक त्यालाच गाठून कानाशी लागत होते. कापडवाला म्हणाला, मलेही तसंच आहे गा. बँकेतली मेघा म्हणाली, मी तर ऑफिसात खुर्चीच दारापाशी मागून घेतली. आणि मिरवणुकीच्या वाटेवरच्या यमुताई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "चंपतभाऊजीले म्हना, मारबतीत कधी चालावंसं वाटलं तर माया घराचं मागचं दार उघडं राहीन, संडास तिथंच आहे. विचारायची गरज नाही." अशी चार दारं जमली. दुर्गेशने ती पाठ केली आणि तोंड मिटून ठेवलं. त्याच्या बायकोला वाटलं, याची दाढ दुखते.

मारबतीची सकाळ उजाडली. काकांनी वेळेवर दोन भाकरी आणि दही खाल्लं, निळ्या शाईत लिहिलं आणि बडग्यावरची चादर ओढली.

गल्लीत हास्याचा स्फोट! बडग्या होता फुकट सल्लागाराचा. जबडा हातभर उघडा, गळ्यात हिंगाच्या डब्या, चूर्णाच्या पुड्या, मुरब्ब्याच्या बरण्या, पोटावर तांब्याचा पैसा. गोपाळराव इतके हसले की त्यांना धरावं लागलं. दुर्गेशही हसत होता, पण बडग्याच्या मिशीवर नजर गेली आणि हात आपोआप स्वतःच्या मिशीकडे गेला.

निघाली मिरवणूक! ढोल, ताशे, गुलाल, गॅलऱ्यांतून बायका, "घेऊन जा गे मारबत!" काका आपल्या बडग्यामागे चालत होते. लोक बोट दाखवत होते, चंपतराव चालला गा! दुर्गेशची छाती अशी फुगली, जणू त्यानेच त्यांना जन्म दिला. पहिलं दार गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याच्या अलीकडे गर्दी एकदम दाटली आणि काकांचा हात त्याच्या खांद्यावर आवळला. चेहरा पांढरा.

"यमुताई," दुर्गेश पुटपुटला. "डावीकडे. मागचं दार."

काका गर्दीत विरले. बडग्या पुढे सरकू लागला. काका परत येईपर्यंत तो गेला तर? अकरा वर्षं थांबले आणि आता पाच-सहा मिनिटांसाठी चुकायचं? दुर्गेश धावत पुढे गेला आणि भर रस्त्यात बडग्यापुढे फतकल मारून बसला.

"काय झालं बे?" मागून ओरडा झाला. "काहून थांबवून राहिला?"

सांगायला जिभेवर केवढं तरी होतं! खरं कारण, आतडं, मेंदू, गेन, शिट्टी. दुर्गेशने ते सगळं गिळलं आणि चांगली धडधाकट चप्पल हातात घेऊन म्हणाला, "चप्पल तुटली."

"उठ ना बे! चपलेसाठी मारबत थांबते का?"

शिव्या पडल्या. कोणी पाणी ओतलं. एकाने दुसरी चप्पलही काढून फेकली. दुर्गेश हलला नाही.

"उठ गा," मागून आवाज आला. काका उभे होते. तोंड धुतलेलं, मिशीला पाण्याचे थेंब, आणि डोळ्यांत लहान पोरासारखी चमक. "चाल, उशीर होऊन राहिला."

मग दोघे जवळजवळ धावलेच! एक अनवाणी, एक साठीचा.

बडगे पेटले. सल्लागाराच्या गळ्यातल्या पुड्या फटाफट उडाल्या. हिंगाचा वास पसरला आणि अख्खी गर्दी शिंकत हसू लागली. काका आपलं काम जळताना टक लावून बघत होते, अकरा वर्षांनी. दुर्गेशला राहवेना. माईक नव्हता, पण गळा होता. तो काकांच्या कानाशी वाकला.

"काका, आता तरी म्हनू का? पोटाची बिमारी, घेऊन जा गे मारबत?"

काकांनी जळणाऱ्या मिशीवरची नजर हलवली नाही.

"पोट राहू दे, तुले घेऊन जाय म्हन."