पूजाचा सुजलेला गाल

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, घाटाकडे चढणाऱ्या रस्त्यालगतच्या वाडीत ठमाबाई राहते. पाय लचकला, कंबर धरली, घरात बाळंतीण असली की लोक तिलाच हाक मारतात. ही विद्या तिला सासूने दिली. नवरा महिपत मुंबईला कामाला असायचा, सणावाराला तेवढा यायचा. तो वारल्यावर तिचे दिवस या चोळण्यातच जात राहिले. लंगडत आलेलं माणूस धड चालत घरी गेलं की तिला फार बरं वाटायचं. त्या बरं वाटण्याची घमेंड कधी झाली, हे मात्र तिला कळलं नाही.

शेजारच्या सारिकाची मुलगी पूजा बिरवाडीला खोली घेऊन राहायची आणि कंपनीत कामाला जायची. तिची अक्कलदाढ हिरडीत आडवी बसली होती. महाडच्या डॉक्टरीणबाईंनी हिरडी कापून ती काढली, टाके घातले आणि पूजा विश्रांतीला घरी आली.

दुसऱ्या दिवशी सारिका बाजारात गेलेली असताना ठमाबाई सहज डोकावली. पूजा गालाला बर्फाची पिशवी धरून बसली होती.

"अगो, बर्फ काय लावत्येस! सूज आणखी धरंल. थांब, तेल कोमट करून आणते."

"नको आजी," पूजा दात मिटूनच बोलली. "चोळायचं नाय म्हणून सांगितलंय. हातपण लावायचा नाय."

"ती डॉक्टरीण तुला आता भेटली. मी तुला जन्मल्यापास्नं चोळत्येय."

आणि ती तेल घेऊनच आली. ठमाबाईने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि जबड्याच्या सांध्यावर अंगठा दाबून चोळायला लागली. पूजाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "लागतंय, आजी."

"लागू दे. सूज मोडतेय."

दुसऱ्या सकाळी सारिकाच्या घरातून गडबड ऐकू आली म्हणून ठमाबाई धावत गेली. पूजाच्या तोंडातून पुन्हा रक्त येत होतं, गालाची सूज डोळ्यापर्यंत चढली होती, अंग तापलं होतं.

"चिवडा खाल्लान असंल," सारिका करवादली. "सांगितलेलं ऐकंल तर शपथ!"

पूजाने ठमाबाईकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. ठमाबाईच्या ओठावर शब्द आला होता. पण अंगणात चार बाया जमल्या होत्या. ती गप्प राहिली. रिक्षा आली, मायलेकी महाडला गेल्या.

दिवसभर ठमाबाईला जेवण गेलं नाही. वाडीतली एक सून तान्ह्याला घेऊन दारात आली, तिला "आज हात दुखतायत" म्हणून परत पाठवलं. हात दुखत नव्हते. ते त्या तान्ह्याच्या अंगाला लावायचं धाडसच तिला होईना. आपण चुकलो हे एक. पण आपल्या चुकीची बोलणी पूजाने खाल्ली आणि आपण बघत राहिलो, हे तिला जास्त लागलं होतं.

संध्याकाळी रिक्षा परतल्यावर ती सारिकाच्या ओटीवर गेली.

"सारिका, पोरीनं काय खाल्लेलं नाय. मी चोळलं तिला. ती नको म्हणत व्हती."

सारिकाने हातातली औषधांची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "काकी, डॉक्टरीणबाई सारख्या विचारत व्हत्या, काय केलंत म्हणून. जखमेत पू झालाय. आणि मी सबंध वाटेत पोरीलाच बोलत गेले. सकाळी सांगितलं असतंत तर?"



औषधांनी जखम भरली, ताप गेला. पण जबडा आखडून बसला. पूजाच्या तोंडात बोटभरही फट होईना. आता गरम पाण्याच्या फडक्याने शेकून हलक्या हाताने गाल चोळायचा आणि तोंड उघडण्याचा व्यायाम करायचा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पूजा थेट ठमाबाईकडे आली. सारिका मागे दारातच उभी राहिली.

"माझ्याकडनं नको गो," ठमाबाई म्हणाली. "तुझी तूच चोळ."

"मला नाय जमत, आजी. हात भरून येतो. तुम्हीच चोळा ना."

ठमाबाई खाली बसली. "त्यांनी कसं दाखवलंय, तसं दाखव मला आधी."

पूजाने तिची दोन बोटं धरून आपल्या गालावर ठेवली आणि गोल गोल फिरवली, हळूच, दाब न देता. दर थोड्या वेळाने ठमाबाई विचारायची, "लागतंय?" पूजा मानेनेच नाही म्हणायची. सारिका जागची हलली नाही, शेवटपर्यंत बघत राहिली.

रोजच्या शेकण्या-चोळण्याने जबडा हळूहळू सुटला. पूजा भाकरी चावून खायला लागली आणि बिरवाडीला परत गेली. जाताना ठमाबाईच्या पाया पडली, तेव्हा ठमाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीने एकदा तरी रागावायला हवं होतं.

सारिकाही आता पूर्वीसारखी बोलते, घरात काही केलं की वाटीभर आणून देते. पण परवा लाकडं उचलताना तिची पाठ भरली. ठमाबाई ओटीवर बसून वाट बघत होती. सारिका पाठीला हात लावत समोरून गेली आणि पोलादपूरच्या दवाखान्यात जायला रिक्षात बसली. ठमाबाईने तिला हाक मारली नाही.