जावयाला कसं विचारायचं?

आमचे भुजंगकाका जळकोटला एका सरकारी बांधकाम कार्यालयात माहिती अधिकाराचे अर्ज सांभाळतात. अर्जदाराला आधी चहा, मग एकच प्रश्न: "कशाला पाहिजे तुम्हाला?" कायद्यानं हे विचारायचं नसतं. काकांना ठाऊक आहे. पण आलेल्या माणसाला 'कसं काय येणं केलं' एवढंही विचारू नये, हे त्यांच्या पचनी पडत नाही.

यंदा अर्ज घेऊन आल्या साखराबाई. गल्लीतला सिमेंट रस्ता कुठवर मंजूर आहे, ते त्यांना हवं होतं.

"अहो मावशी, रस्त्याचं कंत्राट घेतलेला गुत्तेदार तर तुमचाच जावई! संगमेश्वरलाच विचारा की."

"जावयाला कसं इचारायचं रे? रुसला तर लेकीला ऐकून घ्यावं लागतंय. त्यापरीस सरकारला इचारलेलं बरं. रस्ता माझ्या दाराच्या अलीकडंच थांबलाय. सगळं पाणी घरात येऊन राहिलंय."

गुत्तेदाराची कागदं दाखवायची तर आधी त्याला नोटीस धाडून हरकत विचारायची, हा काकांचा शिरस्ता. नोटिशीत त्यांनी मावशींचं नाव मोठ्या हुशारीनं गाळलं. आणि मावशींना फाइल बघायला ज्या सोमवारी बोलावलं, त्याच सोमवारी गुत्तेदारालाही बोलावलं!

दारात संगमेश्वर दिसताच साखराबाई ताडकन उठल्या. डोक्यावर पदर, तोंड भिंतीकडं.

"भुजंगा, पावण्यांना म्हन, बसा."

"साहेब, मामींना सांगा, मी उभाच बरा."

काकांनी घाईघाईनं फाइल उघडली. "रस्ता मारुतीच्या देवळापर्यंत मंजूर आहे. म्हणजे मावशींच्या दारावरून पुढं."

"मग पावण्यांना इचार, अलीकडंच का थांबले?"

संगमेश्वर चपलेच्या अंगठ्याकडं बघत म्हणाला, "मामींना सांगा, पुढं त्यांचाच ओटा रस्त्यात आलाय. तो फोडल्याबिगर काम सरकत न्हाई. आता सासूचा ओटा फोडतो म्हणून जावयानं कोणत्या तोंडानं सांगायचं?"

मावशींचा पदर हलला. हसत होत्या की काय, काकांना कळेना.

"त्यांना म्हन, फोडा. पर देवळापत्तोर करा."

काकांना हायसं वाटलं. त्यांनी लगेच पेन पुढं केलं. "मग अर्ज मागं घेता ना, मावशी?"

"न्हाई बा. आधी रस्ता होऊ दे. आन् बघत काय राहिलास? पावण्यांना चहा सांग!"