नटावरची पिवळी रेघ

सीलकाकांचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. दूधवाल्याचं माप, दुकानदाराचा काटा, घड्याळवाल्याने बदललेला सेल, सगळं ते घरी आणून पुन्हा तपासायचे. त्यांचा तरी काय दोष म्हणा! बत्तीस वर्षं वीज खात्यात घरोघरचे मीटर तपासण्यात गेली. मीटरच्या झाकणात तार ओवायची, तारेला शिशाचं सील ठोकायचं आणि पुढच्या फेरीला ते जागेवर आहे का बघायचं. सील तुटलेलं दिसलं की घरमालक हात जोडो, रडो, नाहीतर उंदराने कुरतडलं म्हणो, काका ऐकूनच घ्यायचे नाहीत. तुटलं म्हणजे कुणीतरी हात घातला, हात घातला म्हणजे चोरी. विषय संपला! त्यामुळे त्यांचं खरं नाव मागे पडलं आणि सगळी गल्ली त्यांना सीलकाका म्हणू लागली.

निवृत्तीनंतर तपासायला मीटर उरले नाहीत. उरली ती एक जुनी मोटारसायकल आणि घराला लागून असलेलं गॅरेज. बाहेरून पत्र्याचं शटर, आतून स्वयंपाकघरात उघडणारं दार. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्याचा आकार पेन्सिलीने काढलेला, म्हणजे एक जरी जागेवर नसला तरी लगेच कळावं. बिघडलेल्या वॉशिंग मशीनच्या मोटरवर काकांनी सुऱ्यांना धार लावायचं चाक बसवलं होतं. सायकलच्या चेनने वरखाली होणारी कपड्यांची दांडी केली होती. आणि नातीसाठी जुन्या टायरचा झोका, छताच्या तुळईला दोन जाड बोल्टांवर टांगलेला. नात आली की आधी झोक्यावर, मग आजीकडे.

दर शनिवारी मोटारसायकलची तपासणी. पान्यावर पाय देऊन प्रत्येक नट सोडायचा, वंगण घालायचं आणि हाताने पुन्हा आवळायचा. नट आवळला की काका बारीक ब्रशने त्याच्यावरून वर गाडीच्या सांगाड्यापर्यंत एक सरळ पिवळी रेघ ओढत. नट जरा जरी हलला की रेघ तुटणार. 'हे माझं सील,' असं ते मोठ्या ऐटीत सांगत. सांगणार कुणाला, तर काकूंना. दिवा धरायला आणि 'एकोणीस नंबर दे, चौदा नंबर दे' म्हटलं की पाना हातात ठेवायला लग्नापासून काकूच होत्या.

रविवारी दोघं तळ्यापर्यंत फिरायला जात. काका पुढे, काकू मागे. काकांना आठवड्यात हवा असायचा तो एवढा एक तास. पण दोन महिन्यांपूर्वी वळणावर गाडी घसरली, काकूंचा गुडघा फुटला आणि लेकीने येऊन बापाला समोर बसवलं.

"बाबा, आता आणखी एकदा काही झालं ना, तर गाडी विकायची. कबूल?"

काका नाइलाजाने कबूल म्हणाले. तेव्हापासून ते गाडीला डोळ्यांत तेल घालून जपत होते.

आणि नेमकी त्यानंतरच रेघ तुटायला लागली! शनिवारी ओढलेली मागच्या चाकाच्या नटावरची रेघ रविवारी सकाळी बघावी तर तुटलेली. नटावरचा तुकडा एकीकडे, सांगाड्यावरचा तुकडा दुसरीकडे. काकांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी पाना लावून बघितला, तर नट घट्ट. 'म्हणजे सोडवायला घेतला होता, पण जमलं नाही. वेळेवर लक्ष गेलं म्हणून, नाहीतर काही खरं नव्हतं,' असं म्हणत त्यांनी जुना रंग खरवडून नवी रेघ ओढली. पुढच्या आठवड्यात ब्रेकच्या नटाची तुटली. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा मागच्या चाकाची.

काकांनी शटरच्या कुलपाला चक्क शिशाचं सील ठोकलं. सील जसंच्या तसं आणि रेघ तुटलेलीच! म्हणजे चोर आतल्या दाराने येतो. म्हणजे घरातला. म्हणजे... काकांना फार डोकं चालवावं लागलं नाही.

काकूंचा धाकटा भाऊ शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. दर शनिवारी संध्याकाळी बहिणीकडे चहाला यायचा, हात धुवायला म्हणून स्वयंपाकघरात जायचा, आणि लेकीच्या सुरात सूर मिसळून म्हणायचा, "भाऊजी, विकून टाका हो हे धूड. गिऱ्हाईक मी आणतो." हाताला पान्याची सवय आहे, येण्याजाण्याला दार आहे, मनात गाडी घालवायची आहे. आणखी काय पुरावा पाहिजे? नट ढिला करायचा, गाडी डगमगली की म्हाताऱ्याला घाम फुटेल आणि तो स्वतःच गाडी विकेल. काय डोकं आहे!

त्या शनिवारी मेहुण्याने कप तोंडाला लावला आणि काका म्हणाले, "हात दाखव."

"काय?"

"हात दाखव. वंगण लागलंय का बघू दे."

"भाऊजी, माझा धंदाच वंगणाचा आहे. दिवसभर यंत्रं उघडतो मी."

"यंत्रंच उघडतोस, की माझ्या गाडीचे नटसुद्धा? अरे, तुझी सख्खी बहीण बसते मागे. तिचा तरी विचार करायचास!"

मेहुण्याचा चेहरा पांढराफटक पडला. काकू ताडकन उठल्या. "अहो, जरा माझं ऐका..."

"तू मध्ये पडू नकोस. गप्प बस."

मेहुण्याने कप खाली ठेवला, चप्पल घातली आणि दारातून वळून म्हणाला, "ताई, तुला भेटावंसं वाटलं तर तू ये. मी या घरात पाय ठेवणार नाही." काकूंनी काकांकडे एकदा बघितलं आणि अर्धा कप चहा बेसिनमध्ये ओतला. त्यानंतर तीन दिवस घरात भांड्यांशिवाय कुणाचा आवाज नव्हता. रविवारी फिरणंही झालं नाही.

काकांना वाईट वाटलं नाही असं नाही. पण चोर पकडला गेला याचं समाधान जास्त होतं. मंगळवारी त्यांनी चेन ताणली, मागचा नट पुन्हा आवळला, रेघ ओढली. उजव्या मुठीत कळ आली, ती त्यांनी थंडीच्या नावावर खपवली. बुधवारी दुपारी बघतात तर काय, रेघ तुटलेली!

काका स्टुलावर बसले. मेहुणा तर घरात फिरकला नव्हता. मग कोण? घरात ते दोघंच. त्यांनी फळीकडे बघितलं. एकोणीस नंबरचा पाना जागेवर होता, पण उलट्या तोंडाने लावलेला, आणि लख्ख पुसलेला. काकांनी जन्मात कधी पाना पुसला नव्हता. आपल्यामागे जिवावर उदार होऊन बसणारीच आपले नट सोडवते? लेकीने फितवलं असेल, भावाने फितवलं असेल. तसं असेल तर मग या घरात विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

त्यांनी नवी रेघ ओढली. गुरुवारी पुन्हा सगळे नट सोडून आवळले, सगळ्या रेघा ताज्या केल्या आणि जेवण झाल्यावर "केस कापून येतो" असं मोठ्याने सांगून निघाले. वळसा घालून शटरपाशी आले. आयुष्यात पहिल्यांदा सीलकाकांनी लपूनछपून सील तोडलं. शटर हातभर उचलून गुडघ्यांवर रांगत आत शिरले, आणि कोपऱ्यातल्या ताडपत्रीमागे दडून बसले. स्वतःच्याच गॅरेजमध्ये चोरासारखे!

थोड्या वेळाने आतलं दार उघडलं. काकू आल्या. नाकावर चष्मा, पदर खोचलेला, हातात नळाच्या पाइपचा एक तुकडा. आधी त्या झोक्याखाली गेल्या, स्टुलावर चढल्या, दोन्ही बोल्टांना पाना लावून दाबून बघितलं. मग मोटारसायकलशी बसल्या आणि अगदी काकांच्याच सुरात पुटपुटू लागल्या, "पुढचं चाक... ठीक. ब्रेक... ठीक. मागचं चाक..."

मागच्या चाकाच्या नटाला त्यांनी पाना लावला, दांडी लांब व्हावी म्हणून तिच्यावर पाइप चढवला आणि सगळा भार टाकला. कर्रकन आवाज झाला. पाना फिरला. चांगला पाव फेरा.

काका ताडपत्री बाजूला सारून उभे राहिले. "पकडली! सोडवतेस तू!"

काकू दचकल्या, पण पाना सोडला नाही. "सोडवते? इकडे या. या असे आणि नीट बघा."

काका वाकले. नटावरचा पिवळा तुकडा उजवीकडे सरकला होता. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. आवळायच्या दिशेने. त्यांना मागच्या सगळ्या रेघा आठवल्या. त्याही उजवीकडेच सरकलेल्या होत्या. प्रत्येक वेळी.

"बत्तीस वर्षं मीटरची चकती उलटी फिरतेय की सुलटी, ते तुम्हाला रस्त्यावरून कळायचं," काकू म्हणाल्या. "आणि हा नट कुठल्या बाजूला फिरलाय, ते एकदा तरी बघितलंत?"

काकांनी नटावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "किती दिवस झाले?"

"गाडी घसरली त्या दिवसापासून. घरी आल्यावर मी बघितलं, मागचा नट हाताने फिरत होता. तुमची मूठ आता आवळत नाही हो. तुम्हाला वाटतं आवळला, आणि तुम्ही रेघ ओढून मोकळे होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर गाडी गेली असती. गाडी गेली असती तर तुम्ही खिडकीत बसून गल्लीतल्या लोकांवर संशय घेत राहिला असता. मला तो रविवारचा तास हवा होता, तुमच्याइतकाच. म्हणून रेघ तशीच तुटलेली ठेवायचे. म्हटलं, तुटलेलं वाचणारा माणूस आहे, कधीतरी वाचेल." त्यांनी पाइप खाली ठेवला. "शनिवारी सांगायला उठले होते. तुम्ही गप्प बसवलंत."

काकांची नजर वर गेली. "झोक्याचे बोल्ट?"

"पहिल्या दिवशी एक ढिला निघाला. तेव्हापासून रोज बघते. पोरीच्या बाबतीत नशिबावर सोडू का?"

काका स्टुलावर बसले आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. साऱ्या जगाचे हात तपासले, हा एक तेवढा राहिला होता. त्यांना फार लाज वाटली, आणि डोळे भरून आले ते त्यांनी लपवले नाहीत.

शनिवारी काकांनी सगळा जोर लावून मागचा नट आवळला आणि पाना काकूंच्या हातात दिला. काकूंनी पाइप चढवला. नट पाव फेरा फिरला. काकांनी तो डोळ्यांनी बघितला, मान हलवली आणि मग ब्रश उचलला. रेघ जराशी वाकडी आली.

रविवारी गाडी निघाली, पण तळ्याच्या रस्त्याला वळली नाही.

"अहो, कुठे चाललात?"

"तुझ्या भावाकडे," काका मान न वळवता म्हणाले. मग पुढच्या वळणावर म्हणाले, "अगं, तिथे गेल्यावर तूच बोल ना. तुझं तो ऐकतो."

काकूंनी पाठीमागून त्यांचा खांदा घट्ट धरला. "नट मी आवळले. माफी तुम्ही मागायची."