कापलेला धूमकेतू

मित्रांनो, या ग्रुपवर धूमकेतूंचे फोटो टाकणारा माझा मोठा भाऊ गेल्या महिन्यात वारला. मी इथं पहिल्यांदाच लिहितोय.

दिवाळीच्या सुमारास अचानक उजळलेला धूमकेतू दादानं बदनापूरला आमच्या गच्चीवरून, दुर्बिणीला कॅमेरा जोडून टिपला होता. ढगांमुळे एकच फोटो नीट मिळाला, असं तो म्हणाला होता. रोल कॅमेऱ्यातच राहिला.

आज तो जालन्याला धुवायला दिला. आकाशाच्या निगेटिव्हवर एक फोटो कुठं संपतो ते दिसत नाही, म्हणून दादा ती नेहमी न कापता मागायचा. मीही दोनदा सांगितलं. स्टुडिओवाले म्हणाले, "बिलकुल, बराबर."

संध्याकाळी पाकिटात तुकडे मिळाले.

"कापू नका म्हणलो होतो ना?"

"अहो भाऊ, रोल कोराच निघाला. कापल्याबिगर पाकिटात बसते का? दुर्बीण हाये ना घरी? मंग पुन्हा काढा की."

खिडकीशी धरून पाहिलं. धूमकेतूचा धूसर गोळा मधोमध कापला गेला होता.

तेराव्याला काका आईला म्हणाले होते, "शेंडेनक्षत्राच्या नादी लागला, त्यानंच नेला." तेव्हापासून आईला तो फोटो काकांपुढं ठेवायचाय आणि विचारायचंय, "ह्यानं नेलं का माझ्या लेकराला?"

असे तुकडे स्कॅन करून जोडता येतात का? कुणी केलंय का?

स्टुडिओ बंद होता, असं आईला सांगितलंय. उद्या ती पुन्हा विचारेल.