बजबजच्या गुरुवारांची रजा

विभागाच्या बैठकीत त्या दिवशी एकच ठरायचं होतं: मी दर गुरुवारी कोलकात्याजवळच्या बजबजला जाते, ते विद्यापीठाचं काम की माझी हौस? मी वस्त्ररसायन शिकवते. बजबजला नदीकाठच्या एका गोदामात काही बायका तागाच्या पिशव्या शिवतात. त्या पिशव्यांना बुरशी लागू नये म्हणून मी एक लेप तयार केला होता.

विभागप्रमुखांचं मत सगळ्यांना पाठ होतं. "विद्यापीठ ज्ञानासाठी असतं. आसपासचे धंदे चालवणं आपलं काम नाही." बाकीचे चहात बिस्किटं बुडवत माना डोलावत होते. खरं सांगते, वर्षभरापूर्वी मीही डोलावली असती.

पण मधे माझी फजिती झाली. लेप प्रयोगशाळेत महिनाभर छान टिकला, म्हणून मी तोऱ्यात बायकांना देऊन आले. पंधरा दिवसांत अख्खा गठ्ठा हिरवागार! त्यांच्यातली वयाने मोठी बाई एक पिशवी माझ्या हातात देत शांतपणे म्हणाली, "दीदी, आपके कमरे में एसी है. हमारे यहाँ नदी है." मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्म कोलकात्यात गेला, आणि इथली दमट हवाच मी हिशेबात धरली नव्हती. पुराणातली वांगी पुराणातच राहिली. मी बायकांना शब्द दिला, की टिकणारा लेप हाती येईपर्यंत येत राहीन. तेव्हापासून दर गुरुवारी बालीगंजहून लोकल पकडते आणि चाचण्या त्या गोदामातच घेते. तिसरा लेप आता बरा टिकतोय.

बैठकीत मी तीच बुरसटलेली पिशवी टेबलावर ठेवली. "ही माझी चूक या इमारतीत बसून कधीच सापडली नसती," म्हटलं. प्रमुखांनी आपला कप बाजूला ओढून घेतला.

"हे काम म्हणून धरता येणार नाही," ते म्हणाले. "जायचंच असेल तर रजा टाकून जा."

राग मला अजून मराठीतच येतो. नाकाने कांदे सोलतात नुसते, असं मनात म्हटलं. डोळ्यांत पाणीही आलं. पण शब्द दिला होता. तिथल्या तिथे रजेचा अर्ज मागवला आणि सत्र संपेपर्यंतचे सगळे गुरुवार एकाखाली एक लिहून काढले. शेवटी रजेच्या कारणाचा रकाना होता.

त्यात मी 'काम' असं लिहिलं आणि अर्ज त्यांच्यापुढे सरकवला.