आधी माझी चूक शोधा

डॉ. नसीमा मॅडम पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या, यावर आम्हा विद्यार्थ्यांचा अजून विश्वास बसत नाही. पीएच.डी.साठी मी अमरावतीला पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभा राहिलो, तेव्हा त्यांनी माझा विषयसुद्धा विचारला नाही. विभागातल्या एकुलत्या एका संगणकाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "माह्या हरभऱ्याच्या प्रयोगाच्या साऱ्या नोंदी त्यात हायेत. हिशेब पुन्हा कर अन् माही चूक शोधून आन. मंग तुह्या विषयाचं पाहू."

प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला त्या हेच काम देत. खुलं विज्ञान हा शब्द तेव्हा आमच्याकडे कुणी ऐकलाही नव्हता. बाकीचे मार्गदर्शक आपल्या नोंदी कुलपात ठेवत. मॅडमच्या नोंदी अकोल्याच्या विद्यापीठातली परकी पोरंसुद्धा मागून नेत. "लपवाले ते का दागिने हायेत?" असं त्या म्हणत. आम्ही त्यांच्या माघारी हसायचो, खोटं कशाला बोलू!

माझं नशीब असं, की मला चूक खरंच सापडली. बियाण्याला औषध लावलेले सगळे वाफे नाल्याकडच्या भारी जमिनीत, आणि बिनऔषधाचे सगळे बरडावर, म्हणजे खडकाळ हलक्या जमिनीत! त्यामुळे पीक रोगातून वाचलं ते औषधाने की जमिनीने, हे सांगताच येत नव्हतं. आणि मॅडमच्या शिफारशीवरून त्या ओढगस्तीच्या वर्षांत लोक तेच औषध विकत घेत होते. गुरूचीच चूक दाखवली तर आपली पीएच.डी. संपली, असं मी धरूनच चाललो.

तरी सांगितलं. मॅडमचा चेहरा उतरला. वाफ्यांचा नकाशा पुढे ओढून त्यांनी एकेक वाफा बोटाने तपासला. मग म्हणाल्या, "बराबर हाय तुहं. पेरनी तोंडावर आली. चाल, अंजनगावले जाऊ."

अंजनगाव सुर्जीच्या शेतकरी मेळाव्यात त्यांनी माईक हातात घेतला. "माहं चुकलं. हे औषध लागू पडते का नाही, मले अजून माईत नाही. यंदा घेऊ नका." हरभरा पिकवणारे एक काका उसळून उठले, "मंग मॅडम, मांगच्या साली काहून सांगतलं आमाले?" मॅडम उभ्या राहून सगळं ऐकत राहिल्या. मला तर तिथून पळून जावंसं वाटलं.

परतवाड्यावरून अमरावतीला परतताना जीपमध्ये त्यांनी पदराने डोळे पुसले. मी चाचरत विचारलं, "मॅडम, आता माझ्या पीएच.डी.चं?"

"पयलं प्रकरण हेच लिही. माह्या नावानिशी. अन् नोंदी सोबत जोड, कोनीबी तपासू दे."

पुढे वाफे नीट मिसळून प्रयोग पुन्हा केला. औषधाचा उपयोग दिसला नाही. मॅडमनी तेही छापलं. त्यांची बढती मात्र हुकली, आणि त्याचा राग मला आजही येतो.

माझ्या मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलं प्रकरण उघडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे तुमच्या मार्गदर्शकांनी वाचलं आहे का?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून मॅडम बोलल्या, "वाचलं? म्याच लिहाले लावलं!"

मॅडम, अशाच ठणठणीत राहा. आम्हाला तपासायला आणि रागवायला आपण अजून पुष्कळ वर्षं हव्या आहात.